नाही म्हणणारं पत्र

सारंगखेड्याजवळ रतिलाल पाटलांची केळीच्या रोपांची नर्सरी आहे. तिथल्या ऑफिसात प्रतिभा सहा वर्षांपासून काम करते. फोन घेणं, पत्रं टाइप करणं, आल्यागेल्याला पाणी विचारणं, सगळं तिच्याकडेच.

गणपतीनंतर सुपरवायझरच्या जागेसाठी आठ जणांच्या मुलाखती झाल्या. प्रत्येकाला रतिलालभाऊंनी सांगितलं, आठ दिवसांत कळवतो. चौथ्याच दिवशी त्यांतला एक जण कामावर आला. उरलेल्या सातांचं काय करायचं, असं प्रतिभाने विचारलं, तेव्हा भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "फोन नही उना म्हंजे समजी लेतस."

सहा जण समजून गेले असावेत. सातवा, वाहरू पावरा, फोन करत राहिला. तळोद्याच्या वरच्या एका पाड्यावरचा, कृषी पदविका झालेला. त्याच्या घरी रेंज नव्हती. टेकडीवर चढून तो फोन लावायचा. आवाज तुटत यायचा. प्रतिभा दर वेळी म्हणायची, अजून ठरलं नाही, कळवू. तसंच सांगायचं, असं तिला सांगितलेलं होतं. चौथ्या-पाचव्या फोनला तर तिने घंटी वाजू दिली आणि दुसऱ्या कामात डोकं घातलं.

दिवाळीनंतर एका दुपारी तो स्वतःच आला. पहाटेची जीप, मग दोन बस. कागदांची फाइल मांडीवर ठेवून बाकावर बसला. प्रतिभाने पाणी दिलं. "कळवू" हा शब्द जिभेवर आला होता, पण त्याच्या चपलांवरची धूळ पाहून तिला तो उच्चारवेना.

"ती जागा भरली," ती म्हणाली. "तुमची मुलाखत झाली त्याच आठवड्यात."

त्याने मांडीवरची फाइल बाजूला ठेवली. मग त्याने सांगितलं, रागावून नव्हे, थकलेल्या माणसासारखं. पाड्यावरची सगळी माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली. नोकरीचा फोन येणार म्हणून तो मागे थांबला. तळोद्याच्या एका दुकानदाराने काम देऊ केलं होतं, त्यालाही त्याने थांबा म्हटलं. आता तिथे दुसरा लागला. वडिलांना वाटतं, हा मुलाखतीला गेलाच नव्हता, घरी बसायला खोटं सांगतो.

"मॅडम, लिहून द्याल का? घेतलं नाही, एवढंच."

प्रतिभाने चार ओळींचं पत्र टाइप केलं आणि आत नेलं. भाऊंनी ते दोनदा वाचलं.

"'नही'ना कागद कोन मांगस?"

"तो मांगी ऱ्हायना, भाऊ. दोन महिना मी तेले खोटं सांगं."

भाऊंनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही सकाळपासून मजुरांच्या कटकटीने वैतागले होते. बोलण्यापेक्षा सही करणं सोपं, म्हणून की काय, त्यांनी सही केली. बाहेर येऊन वाहरूला भेटले मात्र नाहीत.

वाहरूने पत्र उभ्यानेच वाचलं. तारखेवर बोट ठेवून म्हणाला, "मुलाखतीची तारीखपण लिहिली, बरं केलं." माफी मागावी असं प्रतिभाच्या मनात होतं, तिने मागितलीही, पण तोवर तो फाइलची दोरी बांधत होता. बस चुकेल म्हणून तो निघाला.

मग तिने उरलेल्या सहा जणांचे नंबर काढले. दोन बंद लागले. एकाने कोण बोलतंय ते कळताच फोन ठेवला. रनाळ्याची रंजिता म्हणाली, आता कशाला सांगता, माझं लग्न ठरलं. एकाला मुलाखत आठवतच नव्हती. सहाव्या नंबरवर कोणा म्हाताऱ्या बाईने फोन घेतला. मुलगा शेतात गेलाय, काय निरोप द्यायचा, असं तिने आशेने विचारलं.

प्रतिभाने निरोप सांगितला. बाईला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तो तिला तीन वेळा सांगावा लागला.