फातिहाच्या वेळी लागलेला डोळा

लग्न ठरलं की आमच्याकडे दोन्ही घरची माणसं तळवे उघडे धरून मनातल्या मनात फातिहाची प्रार्थना म्हणतात आणि मग तेच तळवे तोंडावरून फिरवतात. एवढं झालं की शब्द पक्का. मुलीचे वडील हाज शुकरी यांच्या दिवाणखान्यात सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले, माझा हाझिम मात्र तसाच, मान खाली, तळवे उघडे. बघते तर पोरगं गाढ झोपलेलं!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर आहे तो. ड्यूटी संपवून तडक इथेच आला होता. पण हे मुलीच्या बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी त्याला कोपराने ढोसलं.

माझा भाऊ सुबही भलता वस्ताद. म्हणाला, "राहू दे गं ताई. बघ ना, किती मन लावून दुआ मागतोय!"

हाजसाहेबांचे डोळे भरून आले. "असा जावई नशिबाने मिळतो," म्हणत त्यांनी बसबूसा मिठाईचं ताट पुढे सरकवलं. माझ्या जिवात जीव आला.

तोवर हाझिम जागा झाला होता. कान लालबुंद. "काका, मी दुआ नव्हतो मागत. झोपलो होतो."

"हाझिम!" मी दटावलं.

"काल वॉर्डातही तेच. बाळाची छाती तपासताना स्टेथोस्कोप कानात ठेवूनच डोळा लागला. त्याची आई म्हणाली, डॉक्टर किती मन लावून ऐकतायत. आशीर्वाद दिले तिने. मी मुकाट्याने घेतले."

ताटाला कुणी हात लावला नाही. सुबही गालिच्याची नक्षी बघत बसला. खोटं पचलं म्हणून मघाशी मी सुखावले होते, त्याची मला लाज वाटली.

"बाळ कसंय?" हाजसाहेबांनी विचारलं.

"बरंय. जाग आल्यावर पुन्हा नीट तपासलं."

"त्या आईला सांगितलंस?"

हाझिमने नकारार्थी मान हलवली.

"मग आधी तिला सांगून ये. फातिहा त्यानंतर, नव्याने."

हाझिम खालमानेने उठला. दारात नवरी मुलगी नरमीन कॉफी घेऊन उभी होती. "हे पिऊन जा, डॉक्टर. नाहीतर मायक्रोबसमध्ये झोपाल आणि पार अलेक्झांड्रियाला पोचाल."

त्याला हसू आलं नाही. उभ्या उभ्याच कॉफी संपवून तो माझ्याकडे वळला. "आई, ती शिव्याशाप देईल ना गं?"

"देईल," मी म्हटलं. "जागा राहून ऐक."