मोटारखान्याचा खर्च

स्वयंपाकघरात तांब्या भिंतीवर आपटला, तेव्हा धोंडप्पा गवंडी अंगणात सुतळी ताणून उभा होता. सुतळीचं दुसरं टोक गुरम्माच्या हातात होतं. तांब्यापाठोपाठ एक थप्पड ऐकू आली, मग दुसरी, आणि मग तोंडात पदर कोंबून रडल्याचा दबका आवाज. धोंडप्पाने मान खाली घातली. लोकांच्या घरी काम करणाऱ्याला असल्या वेळी कान नसतात.

“नीट धर की,” गुरम्मा म्हणाली. “ढिली पडली तुझी दोरी.”

धोंडप्पाची दोरी मुळीच ढिली पडली नव्हती. ढिलं सुटलं होतं ते म्हातारीच्या हातातलं टोक.

विरुपाक्ष मनगट चोळत बाहेर आला. गुरम्माचा हा एकुलता एक मुलगा. सोलापुरात भुसाराची आडत चालवायचा, अंगाने तालमीतल्या पैलवानासारखा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. महिन्यापूर्वी त्याने पुण्याहून जुनी हिरवी मोटार आणली होती. ती लिंबाखाली उभी होती. उन्हाने तिचा रंग उडायला लागला म्हणून त्याला मोटारखाना हवा होता, आणि तोही साधासुधा नाही. चांगला चौदा हात लांब, भिंती काळ्या दगडाच्या, खाली शहाबादी फरशी, दोन खिडक्या, सागवानी दार, शिवाय मोटारीखाली उतरून बघायला खड्डा. एवढं सांगून त्याने खिशातलं फडकं काढलं आणि बॉनेटवरची कावळ्याची घाण हळुवार पुसली. फडकं त्याच्या पहिल्या बायकोच्या इरकली लुगड्याचं होतं. न्हाणीतल्या तान्ह्या बाळाला पुसावं तसा तो पुसत होता.

धोंडप्पाने बोटं मोजून सहाशे रुपये सांगितले. विरुपाक्षाने आईकडे बघितलं. घराची जागा गुरम्माला तिच्या आईकडून आलेली, आणि नवऱ्याने मरताना तिजोरीची किल्ली मुलाच्या नाही, बायकोच्या कमरेला बांधली होती. बापाला लेक बरोबर कळला होता म्हणायचा. काय ते तूच ठरव अव्वा, पण पाडव्याच्या आत छप्पर चढलं पाहिजे, असं बजावून तो दुकानाला गेला.

पहिली बायको कमलम्मा घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून, पडून मेली, त्याला तीन वर्षं झाली होती. सन तीसचा, मार्शल लॉचा तो उन्हाळा. मार चुकवायला ती माडीवरच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली. विरुपाक्षाने लाथेने दार फोडलं, तिला केसांना धरून धाब्याच्या कडेपर्यंत ओढत नेलं आणि खाली सोडून दिलं. गुरम्मा खाली अंगणात उभी होती. तिने सगळं बघितलं. फौजदार आला तेव्हा मात्र, वाळवण गोळा करताना सुनेचा तोल गेला, असं तिने सांगितलं. जंगमस्वामींनी लिंगायतांच्या रीतीने कमलम्माला बसवून माती दिली. वर्षाच्या आत अक्कलकोटकडच्या गरीब घरातली दाक्षायणी सून म्हणून आली, आणि तिसऱ्या महिन्यात तिच्या ओठातून रक्त आलं.  आपण एकीला खाल्लं, आता दुसरीही जाणार, हे गुरम्माला उघड दिसत होतं.

“लिही,” ती धोंडप्पाला म्हणाली. धोंडप्पाला कुठलं लिहायला येतंय? पण तो ऐकायला टेकला.

मग म्हातारीने कात्री चालवली. फरशी नको, मुरूम टाकून चोप. खड्डा तर नकोच नको. खिडक्या नकोत, वरून पत्रा घाल. चौदा हात लांबी कशाला, मोटार आत गेली आणि दार लागलं म्हणजे बास. रुंदीला मात्र हात लावायचा नाही, मोटारीच्या कडेनं माणूस गेला पाहिजे. धोंडप्पा हो हो म्हणत होता, पण मोटार आत घातल्यावर तिचे पुढचे दिवे दारापासून वीतभरावर येणार, एवढं त्यालाही कळलं. विरुपाक्ष मोटार नेहमी उलटी लावायचा. निघताना तोंड पुढे करून ऐटीत निघता यावं म्हणून.

“अव्वा, भाईरनं कुलूप तरी पायजे की.”

“अंगणाला फाटक हाय. कुलपाचा खर्च कशाला?” तिने आजूबाजूला बघून आवाज उतरवला. “आतनं अडसर बसव. बाभळीचा, मनगटापेक्षा जाड. दोनी फळ्यांच्या कड्यांतनं जाऊन भिंतीत रुतला पायजे.”

“आतनं? मोटार काय आतनं दार लावून घेती व्हय?”

गुरम्माने घराकडे मान वळवली. धोंडप्पाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. त्याची एक फळी बिजागरीला लोंबत होती. देवघराच्या चौकटीला तडा, झोपायच्या खोलीला तर कडीच उरली नव्हती. या घरात आतून लागणारं एकही दार त्या पैलवानाने धड ठेवलं नव्हतं. धोंडप्पाने सुतळी गुंडाळली.

“बाभूळ जुनी घालतो, वाळल्याली,” तो म्हणाला. “नवी पिळवटती.”

मोटारखाना उभा राहिला आणि विरुपाक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा काय खुराडा बांधलाय, असं ओरडून त्याने घमेलं भिरकावलं. ते धोंडप्पाच्या माणसाच्या नडगीवर बसलं आणि तो बिचारा तिथेच कळवळून खाली बसला. आईला कवडीचुंबक म्हणाला, मसणात नेणार आहेस का पैसा, म्हणाला. गुरम्माने सगळं ऐकून घेतलं. मोटार सावलीला गेली तसा त्याचा पारा उतरला. त्या संध्याकाळी त्याने दाक्षायणीला मारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासूने सुनेला मोटारखाना झाडायला लावला. झाडून झालं की दार ओढून अडसर सरकवून बघायचा, पुन्हा काढायचा. रोज.

“कशाला, अत्ती?”

“हाताला सवय पायजे,” गुरम्मा म्हणाली, आणि पोरीच्या कानामागे सुजलं होतं तिथे तिने तेल लावलं.

चैत्रातली भर दुपार. विरुपाक्ष मोटार आत लावून जेवायला आला आणि आमटीत मीठ कमी लागलं. एवढंच. त्याने ताट उचलून दाक्षायणीच्या तोंडावर मारलं. भुवई फाटली. ती उठायच्या आत त्याने लाथ घातली, ती चुलीवर कोसळली आणि कोपर भाजलं. मग केस धरून तिला सोप्यात ओढलं. त्या ओढाताणीत तिच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटला. दाक्षायणीने लिंग मुठीत धरलं आणि जीव खाऊन त्याच्या हाताला चावली. त्याची पकड सुटली.

“मोटारखान्यात पळ!” गुरम्मा ओरडली. इतक्या वर्षांत या घरात ती पहिल्यांदाच ओरडली होती.

दाक्षायणी पळाली. दार ओढलं गेलं, आत अडसर सरकला. विरुपाक्ष खांद्याने दारावर आदळला, पुन्हा आदळला. दार जागचं हललं नाही. विहिरीजवळची पहार घेऊन तो धावत आला, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि तसाच थांबला.

दोन फळ्यांच्या फटीतून दिव्याची काच चमकत होती, वीतभरावर. पहार आत घुसली की दिवा गेला. फळी फुटून आत पडली की काच, पाण्याची टाकी, रंग, सगळंच गेलं. बायकोचं डोकं फोडायला निघालेला तो गडी घामाघूम होऊन पहार धरून उभा राहिला. मग त्याने ती खाली टेकवली आणि फटीला तोंड लावलं.

“दाक्षायणी,” तो म्हणाला, “बाहेर ये. मी काही करत नाही. मोटारीला हात लावू नको हं. रंग खरवडेल तिचा.”

इतका मऊ आवाज गुरम्माने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो आजारी बापाशी असं बोलला नव्हता, मरताना पाणी मागणाऱ्या कमलम्माशीसुद्धा नाही. म्हणजे याला मऊ बोलता येत होतं. 

त्याने वळून आईकडे बघितलं. आखूड लांबी, नसलेलं कुलूप, आतला अडसर, सगळं त्याच्या डोक्यात एकदम उजाडलं असावं. तू केलंस हे, असं म्हणत तो आला आणि पहार त्याने आडवी फिरवली. ती गुरम्माच्या दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. ती पायरीवर कोसळली आणि त्याने पहार पुन्हा उचलली.

तेवढ्यात आत भोंगा वाजला. दाक्षायणीने रबरी फुगा दाबला तो दाबतच राहिली. गल्लीत दुसरी मोटार नव्हती. भोंगा ऐकला की माणसं हातातलं काम टाकून मोटार बघायला यायची, तशी आताही आली. फाटक उघडून पोरं शिरली, बायका शिरल्या, समोरचे सिद्धप्पा जेवत्या हाताने आले. या अंगणातल्या किंकाळ्या गल्लीने पाच वर्षं ऐकल्या होत्या. त्या ऐकून कधी कुणी आलं नव्हतं. शरम म्हणून कशी ती वाटली नव्हती कुणाला.

विरुपाक्षाने पहार भिंतीला टेकवली. धोतराला हात पुसले.

“काय झालं?” सिद्धप्पांनी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “अव्वा पायरीवरनं घसरली.”

सगळ्यांनी गुरम्माकडे बघितलं. ती आता काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि माघारी जायला दोघेचौघे वळलेही होते. आत भोंगा वाजतच होता. तिने चांगल्या हाताने पायरीचा दगड धरला आणि उठून बसली.

“सिद्धप्पा, फौजदाराला बोलवून आण,” ती म्हणाली. “थोरल्या सुनेपासनं सांगायचं हाय.”