विळीवर वाटणी झालेली कादंबरी

मित्रांनो, शेवटी माझी रद्दी झाली. पण हा शेवट मला पटत नाही, म्हणून हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही आणि मीही ते म्हटलेलं नाही. मी एक जुनी, जाडजूड कौटुंबिक कादंबरी आहे आणि नागपुरात महालातल्या वाचनालयाच्या कपाटात अगदी मजेत उभी आहे.

माझ्यात तीन पिढ्या आहेत. पहिली घर बांधते, दुसरी त्याची वाटणी करते, तिसरी अंगणात भिंत घालते. सगळ्यांचा स्वयंपाक मात्र धाकटी सून सुमती करते. शेवटाच्या जरा आधी ती बॅग भरून घराबाहेर पडते. इथे बायका पान दुमडून डोळे पुसत. ग्रंथपाल गोपाळराव ज्याला त्याला माझं नाव सुचवत.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये इतवारीतले कापडवाले ओमप्रकाशजी मला घरी घेऊन गेले. सोबत त्यांची पुतणी नीला हिच्यासाठी एक जादूची कादंबरी होती. तिच्यात एक राजकन्या उडत्या मगरीवर बसून ढगांतलं राज्य जिंकते. आम्ही एकाच पिशवीतून गेलो, पण मी तिच्याशी बोलले नाही. माझं घराणं वेगळं.

घरात मला वाचणाऱ्या दोघी होत्या. एक नीलाची आई, थोरली जाऊ शोभाताई. दुसरी धाकटी, ओमप्रकाशजींची बायको प्रेमलता. थांबायला कोणी तयार नव्हतं. शोभाताई कैऱ्या चिरत होत्या. त्यांनी त्याच विळीवर माझ्या पाठीची शिवण कापली, पहिला भाग प्रेमलतेला दिला आणि शेवट स्वतःकडे ठेवला. माझ्यात दीडशे पानं वाटणीचं भांडण चालतं, मित्रांनो. माझी स्वतःची वाटणी एका कैरीच्या वेळात झाली.

प्रेमलतेला तिच्या माहेरी, कुहीच्या शाळेत, शिक्षिकेची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवऱ्याला विचारलं की तो म्हणे, "वहिनीले विचार." वहिनी म्हणत, "मंग भाकरी कोण करंल?" अशात सुमती बॅग घेऊन दाराबाहेर पडली आणि प्रेमलतेच्या वाट्याचा भाग संपला. तिने मनाशी ठरवलं, सुमती परत आली तर आपण राहायचं. नाही आली तर जायचं.

"बाई, सुमती वापस आली का, एवढं सांगा न जी."

"काहून घाई करून राहिली वं? माह्यं वाचून झालं की भेटंल."

"मले सोमवारी हजर व्हा लागते."

"आता सुमतीले विचारून जाशीन का?"

"दुसरं कोण आहे मले विचारायले?"

शोभाताईंनी आपला चार पानांचा भाग मांडीखाली सरकवला. प्रेमलता भाकरी थापताना रडे, पिठात पाणी कमी घाले. मी दोन खोल्यांत दोन तुकड्यांनी तडफडत होते. कारण माझा शेवट मला ठाऊक होता. सुमती चारच पानांत परत येते, सासूच्या पाया पडते आणि तव्यावर भाकरी टाकते. लोकांना हा शेवट फार आवडे. मलाही आवडे. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली, आणि पुस्तकाला स्वतःची पानं फाडता येत नाहीत.

सोमवारी मला परत करायचं होतं. रविवारी दुपारी शोभाताईंनी दाभण घेऊन मला शिवलं. नीलाच्या कादंबरीचा शेवटही उसवून सुटला होता, तीही शिवली. उन्हासाठी खिडक्यांवर लावलेल्या खसच्या ताट्यांचा अंधार, त्यात डोळ्यांवर झोप. माझा शेवट तिच्यात गेला, तिचा माझ्यात आला.

प्रेमलतेने मला चुलीपाशी उभ्यानेच उघडलं. सुमती बॅग घेऊन बाहेर पडली. पुढच्या पानावर ती मगरीवर बसली, उडाली आणि ढगांतलं राज्य जिंकून मोकळी झाली. नाव तेवढं बदललं होतं. लग्न होऊन येताना बाईचं नाव बदलतं, तसं जातानाही बदलत असेल, असं प्रेमलतेने धरलं. ती हसली नाही. सोमवारी पहिल्या एस.टी.ने ती कुहीला गेली.

त्याच सकाळी नीला घरात ओरडली, "आई, राजकन्या भाकरी काहून थापून राहिली वं?"

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. आम्हा दोघींना घेऊन तशाच त्या वाचनालयात धावल्या. गोपाळरावांनी दोन्ही पुस्तकं उसवून ज्याचा शेवट त्याला दिला. मग मला पदराखाली धरून शोभाताई कुहीला निघाल्या.

शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मला पुढे केलं. "वाच. सुमती वापस येते. घरी चाल."

प्रेमलतेने चारही पानं शांतपणे वाचली. तिने मला मिटलं.

"बाई, तुम्हाले फसवलं कोणीतरी. हे पानं दुसऱ्याच पुस्तकाचे आहेत. बॅग भरलेली बाई तव्यापाशी काहून जाईल जी?"

घंटा झाली. ती वर्गात गेली. परतीच्या एस.टी.त शोभाताईंनी माझा शेवट पुन्हा वाचला, मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खरंच, जमत नाही."

तेव्हापासून माझा शेवट मलाच पटत नाही आणि मी तो रोज पोटात घेऊन उभी आहे. म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, पुस्तकं विळीवर कापू नका. कापलीच, तर शेवट दाबून बसू नका.

सबब, माननीय ग्रंथालय समितीस अर्जदार कादंबरीची नम्र विनंती की, अर्जदाराची शेवटची चार पाने अन्य पुस्तकाची असल्याचे अधिकृतरीत्या जाहीर करावे. नीलाच्या पुस्तकातील मगर अर्जदाराच्या नावे कायमस्वरूपी वर्ग करण्यात यावी. आणि ज्या वाचकांस घराबाहेर पडावयाचे आहे, त्यांना सदर मगरीवर प्राधान्याने जागा देण्यात यावी.