बंद खोलीतून गेलेली वायर

मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे सहसा बघत नाही. नेट गेलं की मगच बघता. मी राऊटर आहे. सोनईत, कानिफनाथ यांच्या घरात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर एका खिळ्याला मी टांगलेला आहे. त्यांच्या पत्नी, रंगुबाई, मला राऊटर म्हणत नाहीत. 'नेटची डबी' म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. खोक्याचं झाकण उघडलं आणि पहिला चेहरा दिसला तो कल्याणचा, एवढं आठवतं. कल्याण हा रंगुबाईंचा एकुलता एक मुलगा. त्याची बायको आरती संगमनेरची. पुण्याच्या एका दवाखान्याचे फोन ती घरबसल्या घ्यायची. पेशंटने फोन केला की त्याला डॉक्टरांची वेळ द्यायची, असं ते काम. तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. मधल्या भिंती दगडी आणि जाड. माझं वायफाय तिथवर जाता जाता दमून जाई आणि आरतीचं बोलणं मध्येच तुटे. मग कल्याणने एक लांब वायर आणली. माझ्यापासून निघून, त्या दोघांच्या झोपायच्या खोलीतून, पलंगाखालून, भिंतीला भोक पाडून ती मागच्या खोलीत नेली.

"आता बोल किती बोलायचं ते," तो म्हणाला.

ते दिवस चांगले होते. मला कोरड्या फडक्याने पुसलं जाई. कल्याणचे मित्र येत आणि म्हणत, "काय स्पीड हाय राव!" मला त्याचं बरं वाटे.

मग कल्याण गेला. तापाचं निमित्त झालं आणि नगरच्या दवाखान्यातून तो परत आलाच नाही. घरात खूप माणसं आली, रडली, निघून गेली. त्यानंतर रंगुबाईंनी त्या दोघांच्या झोपायच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. आरती सासूजवळ माजघरात झोपू लागली. कानिफनाथ सकाळी गोठ्यात जात, मग उसात जात, संध्याकाळी येऊन माझ्याखाली बाजेवर बसत. कुणी कुणाशी भांडत नव्हतं. कुणी फारसं बोलतही नव्हतं. स्वयंपाक व्हायचा, ताटं वाढली जायची, ताटं घासली जायची. आरती फोनवर गोड आवाजात लोकांना वेळा द्यायची आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसायची. माझ्यावर धूळ साचली. मीही दिवे लुकलुकवत राहिलो. दुसरं काही करायचं सुचत नव्हतं.

असं बरेच महिने चाललं. मग आरतीचे फोन मधूनच तुटायला लागले. आधी कधीतरी, नंतर रोज. पुण्याहून तिच्या वरच्या बाई, मोनिका मॅडम, बोलल्या. आरतीने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आरती, पेशंट ताटकळतात गं. घरून जमत नसेल तर इकडे येऊन बस. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आरती "हो मॅडम" म्हणाली. घरात तिने कुणाला काही सांगितलं नाही.

आणि एका सकाळी कॉम्प्युटरचं नेट पूर्णच गेलं. आरती पुढच्या खोलीत आली. मला बंद करून तिने पुन्हा चालू केलं. बंद असलो तरी मी बघत-ऐकत असतो, फक्त दिवे विझतात. दिवे पुन्हा लागले, तरी परिस्थिती तीच. मग तिने केबलवाल्या छगनला बोलावलं.

छगनने माझ्याकडे एकदा पाहिलं. "वैनी, डबं गेलंय. जुनं झालंय आता. नवं टाकू."

"टाका," कानिफनाथ बाजेवरून म्हणाले.

छगनने मला खिळ्यावरून काढलं आणि खिडकीत ठेवलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. त्या घरात वाटणं सगळ्यांचंच थांबलं होतं.

नवा राऊटर लागला. आरती मागे जाऊन आली. "अजून नाहीये."

"आसं कसं?" छगन म्हणाला.

"मोबाईलला पुढच्या खोलीत नेट जुन्यावरही येत होतं," आरती हळू बोलली. "म्हणजे बाहेरची लाईन ठीक होती. राऊटरही ठीक होता. थांबा जरा." तिने कल्याणचा लॅपटॉप आणला. छगनच्या पिशवीतली आखूड वायर घेतली आणि लॅपटॉप राऊटरला जोडला. नेट आलं. मग लॅपटॉप घेऊन ती मागे गेली आणि तिथलं लांब वायरचं टोक त्याला लावलं. नेट नाही. ती परत आली. "कॉम्प्युटर बिघडला नाही. वायर खराब आहे."

"वायर कुठून गेलीया?" छगनने विचारलं.

वायर त्या कुलपाच्या दाराखालून आत गेलेली समोरच दिसत होती.

छगनच्या ध्यानात आलं. "मी भायरून नवी वायर नेतो. पत्र्यावरून. त्या खोलीत शिरायचं कामच न्हाई."

आरती सासऱ्यांकडे बघत राहिली. कानिफनाथ उठले, कोनाड्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबले. आरती आत गेली. माझ्या खिडकीतून खोलीचा अर्धा भाग दिसत होता. खुंटीवर सदरा, आरशावर धूळ. आरतीने खाली वाकून पलंगाखाली बॅटरी मारली.

"उंदराने कुरतडलीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

तेवढ्यात रंगुबाई चुलीपासून उठून आल्या. "कुणाला इचारून उघडली?"

"आत्या, वायर तुटलीय," आरती सासूला म्हणाली.

"मग दुसरीकून न्या! ह्या खोलीला हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलं हुतं!"

आरतीने पलंगाखालून एक गोळा ओढून बाहेर काढला. उंदराचं घरटं होतं. कागद, कापूस आणि तपकिरी लोकरीचे तुकडे. रंगुबाई खाली बसल्या. एक तुकडा उचलून बोटांत धरला.

"ही त्याची कानटोपी," त्या म्हणाल्या. "म्या इकती जपून ठिवली. कुलूप लावून ठिवली."

त्या एकेक तुकडा वेचून पदरात टाकू लागल्या. आरतीही शेजारी बसून वेचू लागली. बराच वेळ दोघी वेचत होत्या. मग आरती म्हणाली, "आत्या, आज नेट झालं नाही तर मला पुण्याला जावं लागेल. तिथं राहून काम करावं लागेल."

रंगुबाईंचा हात थांबला. "म्हंजी तू जानार हुतीस?"

"मला जायचं नाही."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोलता, आत्या?"

रंगुबाईंनी पदरातल्या तुकड्यांना गाठ मारली आणि त्या पलंगापासून बाजूला सरकल्या. कानिफनाथ उंबरा ओलांडून आत आले आणि त्यांनी पलंगाची एक बाजू धरली. "छगन, दुसरी बाजू धर," ते म्हणाले. "पलंग सरकवू. सारं झाडून काढू."

त्या दिवशी ती खोली झाडली गेली. बीळ बुजवलं. उंदराने कुरतडलेली वायर छगनने काढली आणि नवी टाकली, त्याच वाटेने, पण प्लास्टिकच्या नळीतून. मग त्याने नवा राऊटर पिशवीत भरला आणि मला पुन्हा खिळ्यावर चढवलं. मागच्या खोलीत जाणाऱ्या वायरीचा माझा दिवा लागला.

आरती उशिरा कामाला बसली. मोनिका मॅडम रागावल्या, पण त्यांनी तिला कामावर ठेवलं. दुपारी तिचा आवाज मागून येत होता, "नमस्कार, बोला." तो संपला की कल्याणच्या खोलीतून दुसरा आवाज येई. रंगुबाई पलंगावर बसून रडत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आरती दोन फोनांच्या मध्ये उठून त्यांच्याजवळ जाई आणि परत येई.

घर लगेच सुधारलं असं मी म्हणणार नाही. अजूनही जेवताना फार बोलणं होत नाही. पण दाराला कुलूप नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला मोठं काही सांगता येत नाही. एवढंच मागतो. काही बंद पडलं की समोर दिसेल त्याला लगेच उचलून टाकू नका. एकेक जोड तपासा. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा. आणि वायर ज्या खोलीतून गेली असेल, ती खोली मधूनमधून उघडून झाडत जा. एकट्याने उघडवत नसेल, तर कुणाला तरी हाक मारा.