मोरचूद लागलेली पानं

सुचिताच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तिला ठाऊक, म्हणून तिने प्रबंधातलं एक प्रकरण छापून पत्रासोबत पाठवलं होतं. 'जमा करण्याआधी एकदा बघा, सर.'

बोरगावची ही मुलगी कॉलेजात माझ्याकडे रसायनशास्त्र शिकली. आता नागपूरला संत्र्याच्या रोगावर संशोधन करते. पानांत ग्लुटाथायोन नावाचं गंधकयुक्त संयुग असतं. पेशीत मोकाट सुटलेल्या मुक्त मूलकाला, म्हणजे फ्री रॅडिकलला, ते आपल्या गंधकावरचा हायड्रोजन देऊन शांत करतं. मग उरलेले गंधकाचे मूलक आपसांत जोडी जमवतात. निरोगी झाडांच्या पानांत तिला ते भरपूर सापडलं, रोगट झाडांच्या पानांत जवळजवळ नाहीच. रोगाने ते संपवलं, असा तिचा निष्कर्ष.

मांडणी चोख होती. मला एकच शंका छळत होती. पानांवर तांबं असेल, तर मोजणीसाठी खलात वाटतानाच ते गंधकाला गाठेल आणि ग्लुटाथायोन तिथेच संपेल. मग त्यात रोगाचा हात किती? पण तिचे मार्गदर्शक मोठे, आणि मी जुन्या पुस्तकांवर जन्म काढलेला मास्तर. उत्तर लिहायचो आणि फाडायचो.

गुरुवारी पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो. बसस्टँडसमोर तिचे वडील रामाजी चहा पीत होते. पानं त्यांच्याच बागेतली.

"या सर! पोरीचं पत्र भेटलं ना? वाट पाहून राहिली ते."

"रामाजी, पानं तोडली तेव्हा झाडांवर बोर्डो मारलं होतं का?"

"बिमार झाडाले मोरचूद-चुना नाही मारू, त काय तुमच्या कॉलेजले मारू?"

"आणि चांगल्या झाडांना?"

"त्याईले कायले?"

मोरचुदात तांबंच असतं. "पानं धुतली होती?"

"पोरीनं सांगतलं होतं, बाबा, जशीच्या तशी धाडा. म्या बोट नाही लावलं." त्यांनी कप खाली ठेवला. "काऊन, बिघडलं का काही? सोमवारी जमा करून राहिली ना ते."

"मला खात्री नाही."

"मंग थेच लिवा ना, सर! गप्प काऊन बसले?"

पोस्टात उभ्यानेच लिहिलं: 'सुचिता, सोमवारी जमा करू नकोस. एका निरोगी झाडाच्या निम्म्या पानांवर बोर्डो मार, निम्मी तशीच ठेव. दोन्ही वेगवेगळी वाटून मोज. बोर्डोच्या पानांत ग्लुटाथायोन सापडलं नाही, तर तुझा निष्कर्ष उभा राहत नाही. मला खात्री नाही, पण भीती आहे.'

खिडकीतल्या बाईंनी स्पीड पोस्टचं पाकीट घेतलं. ते परत मागायला माझा हात काचेपर्यंत गेला. त्यांनी शिक्का मारला.