पोरकं करू नका

“आम्हाला पोरकं करू नका,” न्यूमेरियस देवांना म्हणाला, आणि पापिरियाने हातातल्या धुपाच्या डबीचं झाकण लावून टाकलं.

तो डोक्यावर वस्त्राचा पदर ओढून चुलीसमोर उभा होता. हात पसरलेले, डोळे मिटलेले. झाकणाचा आवाज ऐकून त्याने एक डोळा उघडला.

“चुकलो का?”

“देवांना आपण ‘या घरावर कृपा असू द्या’ म्हणतो. पोरकं करू नका असं त्यांना अजून कोणी म्हटलेलं नाही. ते कुठे निघालेले नाहीत.”

न्यूमेरियसने पदर मागे सारला. टक्कल घामाने चमकत होतं; जानेवारीतली थंडी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

शब्द चुकला की पूजा मोडते आणि पहिल्यापासून करावी लागते. ख्रेस्टे, घरातली जुनी दासी, काही न विचारता चुलीपुढचं मिठाचं पीठ झाडू लागली. वाटीतलं दूध अंगणातल्या झाडाखाली ओतून तिने दुसरं आणलं. आज तिसऱ्यांदा. चुलीला हार घालण्याचे महिन्यात तीन दिवस. महिन्याच्या मध्यावरचा हा शेवटचा. पापिरियाने लग्न झाल्यापासून एकतीस वर्षांत त्यातला एकही चुकवला नव्हता. शिपाई मारायच्या माणसांची यादी घेऊन गल्लीगल्लीतून फिरत होते, शेजारच्या दाराशी रक्त सांडलं होतं, त्या दिवशीदेखील हार वेळेवर पडला होता.

“आधी तुमचं ते पाठांतर उरकून घ्या,” ती म्हणाली. “दोन्ही एकत्र शिजवू नका. देवांना दोन देवांमधला फरक कळतो.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. मी कधी ओरडले आहे?”

ते खरं होतं. पापिरियाचा आवाज एकतीस वर्षांत कधी चढला नव्हता. न्यूमेरियसला त्याचीच धास्ती वाटे.

तीन दिवसांपूर्वी पॅलाटिन टेकडीवरच्या घरातून एक मेणपाटी आली होती. त्या घराचा मालक, सगळे विरोधक संपवून रोमचा एकटा सत्ताधीश झालेला, आज सिनेटमध्ये उठेल आणि जाहीर करील की युद्धं संपली, आपलं काम झालं, आता सैन्य, प्रांत, कायदे, सगळं तो सिनेटला आणि जनतेला परत देत आहे. मग थोडा थांबेल. त्या थांबण्यात कोणत्या बाकांनी काय ओरडायचं, ते पाटीवर नीट लिहिलं होतं. पुढच्या बाकांनी हतबुद्ध व्हायचं. मधल्यांनी ‘नको, नको’ म्हणायचं. न्यूमेरियस मागच्या बाकांवरचा. त्याच्या वाट्याला आलं होतं, ‘प्रजासत्ताकाला पोरकं करू नका’, आणि पुढे, जमल्यास, अश्रू.

“‘जमल्यास’ असं खरंच लिहिलंय?” पापिरियाने तेव्हा विचारलं होतं.

“फार समजूतदार माणसं आहेत तिथली,” न्यूमेरियस म्हणाला होता.

आता त्याने पुन्हा घसा साफ केला. पाठीमागे हात बांधून अंगणाच्या कडेने तो एक फेरी मारून आला आणि खांबापाशी थबकून, खांबाला उद्देशून, कळवळून म्हणाला, “पोरकं करू नका!”

“आणि कोणीच ओरडलं नाही तर?” पापिरिया म्हणाली. ती हाराचं तुटलेलं पान काढून नवं गुंफत होती.

“म्हणजे?”

“तो म्हणाला, घ्या तुमचं तुम्हाला परत. आणि तुम्ही सगळे म्हणालात, बरं, आभारी आहोत. तर?”

न्यूमेरियस तिच्याकडे बघतच राहिला. असा विचार सिनेटमधल्या शेकडो माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नसणार, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

“असं कसं होईल?” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “पापिरिया, सेक्स्टसला आणायचं आहे ना?”

तिचे हात थांबले. ख्रेस्टेने मान फिरवली. त्यांच्या मुलाला, सेक्स्टसला, ख्रेस्टेनेच अंगावर पाजलं होतं.

सेक्स्टस चार वर्षं इटलीबाहेर, समुद्रकाठच्या मासिलियाला होता. पूर्वेकडच्या लढाईत तो हरलेल्या बाजूला सापडला. जीव वाचला, पण इटलीत पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम झाला. त्याची पत्रं येत. त्यांत समुद्र असे, मासळी असे, तिथल्या गाढवांच्या खोड्या असत. परत येण्याबद्दल एक अक्षर नसे.

“आणायचं आहे,” पापिरिया म्हणाली. “या. चौथ्यांदा करू.”

चौथ्यांदा पूजा बिनचूक झाली. दूध, पीठ, धूप, हार. न्यूमेरियसने शब्द बरोबर म्हटले आणि मनापासून एकही म्हटला नाही. जांभळ्या काठाचं वस्त्र नीट लावून तो चाकरांसोबत टेकडी उतरून गेला. दिसेनासा होईपर्यंत त्याचे ओठ हलत होते.

तो परत आला दुपारी, घसा बसवून.

पापिरियाने त्याचा आवाज ऐकला आणि तिला वडील आठवले. तेही एकदा असेच घसा बसवून घरी आले होते. सूर्य मावळल्यावर सिनेटला ठराव मंजूर करता येत नाही, म्हणून एक वाईट कायदा अडवायला ते सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकटे बोलत उभे राहिले होते. घरी आल्यावर त्यांनी खुणेनेच मसूर मागितले होते, आणि दोन वाडगे खाल्ले होते.

“काही खाणार?” तिने न्यूमेरियसला विचारलं.

“तिथेच झालं. केक वाटले.” तो बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. “फार सुंदर झालं. काय सांगू तुला! ते उठले, म्हणाले सगळं परत देतो. आम्ही ओरडलो. ते नाही म्हणाले. आम्ही पुन्हा. तेव्हा कुठे ऐकलं. तेही अर्धंच घेतलं हो! अर्धे प्रांत त्यांनी ठेवले, अर्धे आम्हाला दिले.”

“कोणते अर्धे ठेवले?”

“जिथे गडबड आहे ते. सीमेवरचे.”

“म्हणजे जिथे सैन्य आहे ते.”

“हो, तसंच म्हण.”

“आणि तुम्हाला?”

“आम्हाला शांत प्रांत.”

“ऑलिव्हचे.”

न्यूमेरियसने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “आणि फक्त दहा वर्षांसाठी. तशी अटच घातली त्यांनी.”

“दहा वर्षांनी पुन्हा रडायचं, एवढंच ना. तोवर सराव ठेवा.”

तो हसला नाही. तो वस्त्राच्या काठाशी चाळा करू लागला. मग म्हणाला, “मी ठरवून नाही रडलो, पापिरिया. ठरवलेली जागा तर हुकलीच. नंतर आलं. ते थांबले ना, तेव्हा एकदम वाटलं, खरंच सोडलं यांनी तर? मग मी सेक्स्टससाठी कोणाच्या दाराशी जाऊ? कारभार बघायला दोन कॉन्सल, एक हो म्हणणार, दुसरा नाही म्हणणार. पुढच्या वर्षी दोघंही नवे. मग कोणी तरी उठून अडवणार. एकच दार असलेलं बरं असतं.”

“एकच दार असलं की रांग मोठी लागते,” ती म्हणाली.

आणि तिला त्याची इतकी किळस आली की तिने उठून, आधीच पुसलेली चूल पुन्हा पुसायला घेतली. भीतीपोटी खोटं रडला असता तर तिला समजलं असतं. हा खरं रडून आला होता.

थोड्या वेळाने दारवान सांगत आला, पॅलाटिनवरच्या घरातून अमियंतस आला आहे.

न्यूमेरियस धडपडत उठला. अमियंतस पूर्वी गुलाम होता. पापिरियाला तो आठवत होता. मालकाकडे जेवणावळी चालत तेव्हा तो ओसरीत पाहुण्यांच्या चपला सांभाळत बसे आणि निघताना ज्याच्या त्याच्या पायाशी बरोबर जोड ठेवी. कधी चूक नाही. आता मालकाने त्याला मुक्त केलं होतं आणि त्याच्या हाती याद्या होत्या. रोममधली जुनी घराणी त्याला पाहून उभी राहत.

पापिरिया उभी राहिली नाही, कारण ती उभीच होती. तिने त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

“काय काम काढलंस, अमियंतस?”

“आभार मानायला आलो, बाईसाहेब. साहेबांनी आज घशाला फार त्रास दिला.” तो हळू, अदबीने बोलत होता. “मागच्या बाकांनी थोडं लवकर सुरू केलं. पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबांचे अश्रू तर वरपर्यंत पोहोचले.”

“अश्रूंची पण नोंद ठेवतोस का रे? चपलांपेक्षा सोपं असेल. जोड लावावा लागत नाही.”

“पापिरिया!” न्यूमेरियस म्हणाला.

अमियंतसने मान लववली. त्याला राग आल्याचं दिसलं नाही. असल्या घरांतून असं बोलणं त्याने अनेकदा ऐकलं असावं आणि ते बोलणाऱ्यांचं पुढे काय होतं, तेही पाहिलं असावं.

“माझ्या मुलाचं,” न्यूमेरियस घाईने म्हणाला, “म्हणजे आजच नको, पण कधी वर शब्द टाकता आला तर... सेक्स्टस. मासिलियाला असतो.”

“त्यासाठीच तर आलो.” अमियंतसच्या कपाळावर आठी पडली. “साहेब, त्यांना तर गेल्या उन्हाळ्यातच परतायची परवानगी झाली.”

अंगणात ख्रेस्टे कोळसा फोडत होती, ती थांबली.

“तुम्हाला ठाऊक नाही? आभाराच्या दोन ओळी लिहून पाठवायच्या, एवढंच. सगळ्यांनीच पाठवल्या. त्यांना मी स्वतः दोनदा कळवलं. दुसऱ्या वेळी उत्तर आलं.” तो घुटमळला. “माफ करा, त्यांचेच शब्द आहेत. ‘जे माझं होतं ते परत मिळाल्याबद्दल आभार कसे मानतात, हे मला आईने शिकवलेलं नाही.’”

न्यूमेरियस बाकावर टेकला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं, असं पापिरियाला वाटलं.

उन्हाळा. म्हणजे अंजिरांच्या वेळेपासून. त्यानंतर तीन पत्रं आली होती. गाढवांबद्दल.

वाक्य त्याचंच होतं. तिला ते त्याच्या आवाजात ऐकू आलं, हनुवटी जराशी वर करून म्हटलेलं. सातव्या वर्षी गुडघा फुटला होता तेव्हा ती म्हणाली होती, रडायचं नाही, आपल्या घरात रडत नाहीत. आणि तो रडला नव्हता. तिला भरून यायला हवं होतं. आपलं रक्त, आपल्या वडिलांसारखा अजून एक माणूस शिल्लक आहे. तिने ती भावना येण्याची वाट पाहिली. तिच्या जागी वर आला राग. दोन ओळींसाठी! चार वर्षं झाली, ख्रेस्टेची नजर मंदावत चालली, आणि हा तिकडे दोन ओळींसाठी बसून राहिला.

“परतणाऱ्यांची यादी महिनाअखेरीस बंद होते आहे,” अमियंतस म्हणाला. “मग उघडेल असं मला वाटत नाही. म्हणून म्हटलं, घरी कळवावं. येतो मी.”

तो वळला. दारवानाने दाराला हात घातला.

“थांबा,” पापिरिया म्हणाली.

अमियंतस थांबला.

“बाहेर थंडी आहे. आत या ना. बसा.” तिने स्वतःच्या हाताने उशी बाकावर सारखी केली. “ख्रेस्टे, वाइन गरम कर. मध घाल. आणि माझी लिहायची पाटी आण.”

ख्रेस्टे जागची हलली नाही.

“आण म्हटलं ना,” पापिरिया म्हणाली. तिचा आवाज एकदम इतका मोठा झाला की न्यूमेरियसने मान वर केली.

ती अमियंतसच्या समोर बसली. मांडीवरचं वस्त्र तिने दोन्ही हातांनी नीट केलं.

“आईने लिहिलं तर चालतं का?”

“चालतं, बाईसाहेब,” अमियंतस म्हणाला. “खरं सांगायचं तर आईचं जास्त चालतं.”

तिने मान हलवली. ख्रेस्टेने आणलेली पाटी उघडून तिने मेणावरून तळवा फिरवला.

“दोन ओळींचंच हवं असतं का त्यांना?” तिने विचारलं. “की मोठं चालेल?”