रोबोटपुढचं लोखंडी स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. तीन पाय, मधे आट्यांचा दांडा आणि वर काळं रेक्झिन, एवढाच माझा संसार. हसू नका! बारामतीत जळोचीच्या अलीकडे एक दवाखाना आहे. तिथे हर्नियाची ऑपरेशनं रोबोटच्या मदतीने होतात आणि त्या रोबोटपुढे डॉक्टरबाई माझ्यावर बसतात. आता सांगा, आहे का तुमच्या वर्गातल्या बाकाची एवढी ऐपत?

माझा जन्म इथल्याच एका वेल्डिंगच्या शेडमधला. मला एका बाजूला फिरवलं की मी उंच होतो, दुसऱ्या बाजूला फिरवलं की बुटका. माझा हा गुण कित्येक वर्षं कुणाच्या कामी आला नाही. तेव्हा डॉक्टर सुप्रियाबाई दुर्बिणीने ऑपरेशन करायच्या, तेही उभ्याने. अंग पेशंटकडे, मान वळवून पडद्याकडे आणि दोन्ही कोपरं पाखरासारखी वर उचललेली! ऑपरेशन संपलं की त्या धप्पकन माझ्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "ठमाबाई, खांदा गेला हो कामातून." ठमाबाई म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मावशी. बावीस वर्षं तिथेच आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडाला कुलूप तर नाहीच.

पेशंटना मात्र तोटा नव्हता. आमचा मुलूख उसाचा. मोळ्या उचला, खताची पोती उचला, हेच चाललेलं. जांघेत किंवा बेंबीपाशी पोटाची भिंत कमजोर असली की जोर लावताना आतडं तिथून बाहेर डोकावतं आणि गाठ दिसते. तोच हर्निया.

मग रोबोट आला. तो आपल्या मनाने काही करत नाही बरं का! बाई कोपऱ्यातल्या यंत्रात डोळे लावून बसतात, अंगठा आणि बोटं कड्यांत अडकवतात आणि त्या जशी बोटं हलवतील तशी पलीकडे पेशंटच्या पोटातली बारीक अवजारं हलतात. तीन छोटी भोकं, बस्स. आतला पातळ पडदा अलगद सोडवायचा, कमजोर जागेवर जाळी सुरकुती न पाडता पसरायची आणि पडदा परत शिवून टाकायचा. बाईंचे हात फार लांब गेले तर पायाखालचं एक पेडल दाबायचं. मग आतली अवजारं जागच्या जागी थांबतात आणि बाई आपले हात परत मधोमध आणून बसतात.

यासाठी बसणं नीट हवं. ठमाबाईंनी मला फिरवून फिरवून बाईंच्या मापाचं केलं. खांदे सैल, कोपरं टेकलेली, मांड्या सपाट, पाय पेडलवर आरामात. काही महिन्यांतच बाईंचं कण्हणं थांबलं. एकदा तर त्या ऑपरेशन करता करता गुणगुणल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण म्हणतात ना, दृष्ट लागते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. रोबोटलाही झेंडूचा हार घातला होता. पूजेला कळस गावचे हिंदुराव तात्या आले होते. त्यांच्या बायकोचं, तानूबाईंचं, बेंबीपाशी हर्नियाचं ऑपरेशन बाईंनीच केलं होतं. पुढे तानूबाई म्हातारपणाने गेल्या, पण तात्यांनी दवाखान्याशी माया तोडली नाही. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढी मोठी डॉक्टरीन आन् बसाया ह्ये? शोभतं का?"

आठ दिवसांत खुर्ची हजर! उंच पाठ, रुंद हात, पाठीवर पांढरा टॉवेल, अगदी मोठ्या साहेबाला शोभेल अशी. मागे रंगवलेलं: 'कै. तानूबाई यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. मला तपासणीच्या खोलीत टाकलं, पेशंट बसायला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

तिकडची खबर ठमाबाईंच्या बडबडीतून मला कळायची. त्या खुर्चीचे हात यंत्राला अडायचे. त्यामुळे बाई लांब बसायच्या, मान पुढे ताणायच्या आणि पेडलला जेमतेम चवडा टेकवायच्या. पेडल दाबायचा त्रास नको म्हणून हात लांबच्या लांब ठेवूनच टाके घालायच्या. बाईंना कळत नव्हतं का? कळत होतं की! पण तात्या दर महिन्याला यायचे, टॉवेलवरून हात फिरवायचे आणि नाव वाचून डोळे पुसायचे. त्यांना कोण सांगणार? भीड ही भिकेची बहीण, ती बाईंना भिकेलाच लावायला निघाली होती. पुढच्या श्रावणापर्यंत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. एक दिवस तपासणीच्या खोलीत त्या ठमाबाईंना म्हणाल्या, "दिवाळीनंतर ऑपरेशनं बंद. नुसते पेशंट तपासीन."

भादव्यात हिंदुराव तात्या पेशंट म्हणून आले. खताची गोणी उचलताना जांघेत गाठ आली होती. बाईंनी त्यांना माझ्यावरून उठवून उभं केलं, खोकायला सांगितलं आणि गाठीवर उजवा हात ठेवला. मग थांबल्या आणि डाव्या हाताने तपासायला लागल्या.

"हाताला काय झालं, मॅडम?"

"काही नाही. तात्या, गाठ आत जातेय, घाई नाही. पण ऑपरेशनसाठी मी पुण्याची चिठ्ठी देते."

"का? माझ्या तानूला तुमीच बरं केलं न्हवं? मला हितंच करायचं."

"माझ्या बोटांचा मलाच भरवसा नाही हो."

झालं! शेजारी उभ्या असलेल्या ठमाबाईंना राहवलं नाही. "मी सांगते, तात्या. तुमच्या त्या खुर्चीनं बाईंचा हात गेला! ती वरातीत मिरवायची खुर्ची हाय, कामाची न्हाय. तुमचं मन मोडंल म्हणून बाई वरीसभर गप बसल्यात."

बाई ओरडल्या, "ठमाबाई!"

तात्या माझ्यावर खाली बसले.

"खरं हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"तानूबाईंचं नाव आहे तिच्यावर, तात्या," बाई हळूच म्हणाल्या.

"आवो, जन्मभर माळव्यात वाकून खुरपलं तिनं. कंबर धरून उठायची. दुखनं काय असतं ते तिला ठावं. तिच्या नावाखाली तुमचा हात मोडला, तर वर गेल्यावर मला दारातबी उभं करायची न्हाय ती." त्यांनी डोळे पुसले. "ती खुर्ची भाईर व्हरांड्यात ठेवा. बायामानसं बसत्याल. तानूला मानसांत बसाया लई आवडायचं."

बाईंनी तीन आठवडे सुट्टी घेतली, मानेचे व्यायाम केले. पहिलं ऑपरेशन तात्यांचंच ठरलं आणि मी परत रोबोटपुढे आलो. त्या दिवशी बाईंचं वजन माझ्यावर सारखं पडलं होतं, कुठेच कल नाही. हात लांब गेले की पेडल दाबत आणि परत मधोमध येत. जाळी सपाट बसली. शेवटचा टाका पडला, गाठ बसली. बाईंनी कड्यांतून हात काढले आणि अंगठ्याने एकेक बोट चाचपलं. मी श्वास रोखून बसलो होतो, तीन पायांवर.

"ठमाबाई, पाचही कळतायत," त्या म्हणाल्या आणि रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "दिवाळीनंतरच्या ऑपरेशनला किती जण थांबलेत?"

"सहा. त्यांस्नी पुण्याची चिठ्ठी द्यायची म्हणालेला तुमी."

"चिठ्ठ्या फाडा. तारखा द्या."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातही कुणीतरी दिवसभर वाकून किंवा उभं राहून तुमच्यासाठी राबत असेल. त्यांना हारतुरे नंतर द्या. आज जवळ जाऊन विचारा, "कुठं दुखतंय?" आणि "काही नाही गं" किंवा "काही नाही रे" असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर परत फिरू नका.